रोबियाआपाच्या दारातला कर्णा

आमच्या बुखाऱ्यातल्या गल्लीत ज्या घरी माणूस गेलंय, त्या घरची परवानगी घेतल्याशिवाय शेजारच्या लग्नात कोणी वाद्य वाजवत नाही. परवानगी मागायला तोंड उघडावं लागतं. माझ्या नवऱ्याचं, शोकिरचं, तोंड सनईला लागलं की थांबत नाही. एरवी त्याला कुलूप.

शेजारचे एर्गाशअका वसंतात गेले; मागे त्यांची बायको रोबियाआपा राहिली. अमिराच्या फौजेतला, माणसाहून उंच पितळी कर्णा त्यांच्या घरात पणजोबांपासून होता. शोकिरची सनई आणि त्यांचा कर्णा, दोघांनी जन्मभर जोडीनं लग्नं गाजवली. आमची झेबो रांगत होती तेव्हाच त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "तुला सासरी माझा कर्णाच पाठवणार."

आता तिचं लग्न आलं, तर शोकिरनं परस्पर शहराबाहेरचा हॉल ठरवला.

"दारात लग्न नको. म्हणजे रोबियाआपाला विचारायला नको. बिचारीला त्रास कशाला?"

"त्रास तिला की तुला?"

"मग तू जाऊन विचार!"

"जोडीदार कोणाचा होता? माझा?"

गड्यानं सनई उचलली आणि चालता झाला. हॉलचं गल्लीभर झालं, आणि त्या दिवसापासून रोबियाआपानं आमच्याशी बोलणं टाकलं. आमच्या दोघींचा तंदूर एकच, पण ती नान भाजायला पलीकडच्या गल्लीत जाऊ लागली. मला राग आला. हिच्यासाठी आम्ही लेकीचं लग्न गावाबाहेर नेतोय आणि फुगून बसलीये ही! गेले तरातरा आणि विचारलं तोंडावर.

"एर्गाश गेला म्हणून मीही मेले का गं?" ती कडाडली. "मला विचारायचंसुद्धा नाही? माझ्या घराला साथ लागल्यासारखे पळालात गल्ली सोडून!"

मी आल्या पावली मागे फिरले. घरी आले, दोन गरम नान घेतले आणि शोकिरला बाहीला धरून तिच्या उंबऱ्याशी उभा केला.

"आपा," तो खाली बघत म्हणाला, "झेबोला दारातूनच पाठवायचंय. वाजवू?"

"वाजव. पण आधी कर्णा, माझ्या दारातून. आणि तूच."

"मी? मला कुठे येतो तो?"

"का? कर्ण्याला दोनच सूर, गाढवालाही जमतील, असं एर्गाशला कोण चिडवायचं?"

हॉल रद्द झाला. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाची माणसं गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा रोबियाआपा सुतकाच्या निळ्या झग्यात कर्णा घेऊन बाहेर आली. उंदीर शिरू नयेत म्हणून एर्गाशअकांनी कोंबलेलं फडकं तिनं स्वतः ओढून काढलं. शोकिरनं कर्णा आभाळाकडे उचलला आणि फुंकला.

उंटाला ढेकर आल्यासारखा आवाज निघाला. वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, धरणी फाटावी.

रोबियाआपा हसली. वसंतानंतर पहिल्यांदा हसली, अगदी पोट धरून, आणि हसता हसता रडू लागली. मी तिला जवळ घेतलं.

शोकिरनं लालबुंद तोंडानं पुन्हा गाल फुगवले. या वेळी आवाज उठला. चिरका होता, पण छपरांवरून पार पुढच्या चौकापर्यंत गेला. गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. झेबोनं माझा हात घट्ट दाबला.

रोबियाआपानं बाहीनं डोळे पुसले.

"बेसूर आहे," ती म्हणाली. "पुन्हा वाजव."