झाडात म्हातारे झालेले महाराज

नागपुरात जरीपटक्याच्या पुढं प्लॉट पाडून वसवलेल्या एका ले-आऊटमधल्या बागेत गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते. काटोलहून, भिवापूरहून, कुठून कुठून माणसं येतात. बागेत पाहण्यासारखं काही आहे म्हणावं, तर घसरगुंडी मोडलेली आणि कारंजं कोरडं ठणठणीत. पण मधोमध अर्जुनाचं जुनं झाड आहे, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचं, आणि त्या खोडात थोरले महाराज प्रकट होतात. शंभर वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेले, तेही दाढीमिशांसकट.

सरिता त्या गर्दीत भक्तीनं नव्हे, रागानं आली होती. ती शाळेत चित्रकला शिकवते. तिची धाकटी बहीण प्रीती भिवापूरहून मुलीला घेऊन इथं यायला लागली होती. मुलगी भूमिका, बारा वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पेशंट. हातपाय ठणकायला लागले की पोर उशीत तोंड खुपसून रडायची. डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली होती आणि दुखणं बरंच आटोक्यात आलं होतं. ती गोळी प्रीतीनं, बागेत हे दर्शन घडवणाऱ्या भुवनबाबांच्या सांगण्यावरून बंद केली होती. आता सकाळ-संध्याकाळ अर्जुनाच्या सालीचं पाणी.

भुवनबाबा पांढऱ्या सफारीत, हातात माइक घेऊन उभे. त्यांच्या मागे सोनेरी चौकटीत महाराजांचं जुनं तैलचित्र. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळाकुट्ट चेहरा, काळीभोर दाढी, आणि बुबुळं मात्र पांढरी.

"डोळे पांढरे काहून?" बाबांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "समाधी लागली हाय! आता नजर महाराजांच्या नाकावरच्या कुंकवावर ठेवा. पापणी हलली का महाराज रुसले. घंटा वाजली का झाडाकडे पाहा!"

मंडपात नामाचा गजर सुरू झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी कुणी पापणी हलवेना. घंटा वाजली, सगळ्या माना झाडाकडं वळल्या आणि एकच जयघोष उठला.

खरं सांगायचं तर सरितालाही महाराज दिसले. उजळ चेहरा, पांढरीशुभ्र दाढी, काळे टपोरे डोळे. क्षणभर तिचेही हात जोडले गेले.

"चित्रात दाढी काळी, झाडात पांढरी!" बाबा गरजले. "शंभर बरस झाडात तप करून राहिले महाराज, म्हातारे नाही होणार का?"

देह ठेवल्यावरही माणसाचं वय वाढतं, हा शोध लोकांनी हात जोडून मान्य केला. मागून कुणीतरी विचारलं, "बाबा, मोबाईलमंधी काहून येत नाही फोटो?"

"मशीनले भक्ती असते का बाप्पा?"

लोक हसले. सरितानं नजर जरा बाजूला नेली, तर महाराजही खोडावरून सरकले आणि शेजारच्या पांढऱ्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले. मग विरून गेले. तिचा जीव भांड्यात पडला. हे तर ती पाचवीच्या पोरांना दरवर्षी दाखवते! लाल चौकोनाकडं टक लावायची, मग कोऱ्या कागदाकडं पाहायचं, कागदावर हिरवा चौकोन दिसतो. महाराज झाडात नव्हतेच, बघणाऱ्याच्या डोळ्यात होते. चित्र मुद्दाम उलटं रंगवलं होतं, उजेडाच्या जागी काळं आणि काळ्याच्या जागी पांढरं.

परतीच्या बसआधी मायलेकी जेवायला सरिताकडं आल्या. जेवणं होईपर्यंत तिनं ड्रॉईंगशीटवर एक चेहरा तसाच उलटा रंगवून ठेवला होता. तो भूमिकाचा होता.

"प्रीती, याच्या नाकावरच्या ठिपक्याकडे पाहत राह्य. पापणी नको हलवू. आता भिंतीकडे पाह्य!"

प्रीतीनं पाहिलं आणि ती जागीच थिजली. भिंतीवर तिची लेक होती, उजळ चेहऱ्याची, काळ्या डोळ्यांची.

"हे मी केलं वं," सरिता म्हणाली. "घंटा नाही, नाम नाही, महाराज नाही. पांढरं पाहून डोळा थकते. काळं असते तिथं त्याले आराम भेटते. मंग भिंतीकडे पाहिलं का आराम झालेल्या जागी उजेड जास्त दिसते आन थकलेल्या जागी कमी. बास, एवढाच चमत्कार."

भूमिकानं आईच्या मागे उभं राहून तेच करून पाहिलं. पहिल्यांदा दचकली, मग खुदकन हसली. "मावशी, मी समजली! मी जिकडे पाहतो तिकडे ते जाऊन राहिलं!"

प्रीती मात्र हसली नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला हात जोडले.

"ताई, तुले समजलं नाही. महाराजांनी पोरीले आपलंसं केलं, आपल्या ठिकाणी दाखवलं तिले. तुह्या हातून काढून घेतलं चित्र त्यायनं."

"अवं, तिले दुखते! गोळी दे तिले, पाया पडतो तुह्या!"

"महाराजांच्या रूपाले गोळी कायले?"

सरितानं आणून पुढं केलेली गोळ्यांची पाकिटं प्रीतीनं टेबलावर परत सरकवली, शीटची गुंडाळी करून काखेत घेतली आणि पोरीचा हात धरून निघाली. दारातून भूमिका मागं वळून पाहत होती. सरिता बसस्टँडपर्यंत मागे गेली, भांडली, रडली. बस निघून गेली.

त्या हिवाळ्यात भूमिका गेली. छातीत दुखणं सुरू झालं तेव्हा प्रीतीनं आधी सालीचं पाणी पाजलं, मग बाबांना फोन लावला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. बाबांनी सांगितलं की मुलगी महाराजांत विलीन झाली. आपण रंगवलेल्या त्या चेहऱ्यानंच प्रीतीचा उरलासुरला संशय मिटवला, हे सरिताच्या मनातून जात नाही. बागेतली गर्दी कमी झालेली नाही.

तुम्ही हे घरीच करून पाहा. पांढऱ्या कागदावर काळा चेहरा काढा, टक लावा, भिंतीकडं पाहा. दिसेल, नक्की दिसेल. दिसलं म्हणून ते तिथं आहे असं होत नाही, एवढंच ध्यानात ठेवा. आणि घरात कुणाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. दिसतं ते तिथं नसतं, हे भूमिकाला समजलं होतं. तिची गोळी तिच्या हातात नव्हती.