चूल गार पडली

"बोलू का?" मैमुनाबींनी विचारलं.

"बोला ना आँटी, रेकॉर्डिंग ऑन आहे."

"मग आधी ते यंत्र तिकडं सरकव. कोलंबीचं पाणी उडेल."

पर्णिकाने टेपरेकॉर्डर परातीपासून वीतभर लांब सरकवला आणि मांडीवरचे कागद सारखे केले. कागदांवर बेचाळीस प्रश्न होते. ती वरच्या मजल्यावरच्या कमलिनीची मुलगी. बोस्टनच्या एका विद्यापीठात शिकत होती आणि आठवड्याला पंधरा तास तिथल्या एका संशोधन संस्थेत काम करत होती. संस्था ज्यू स्त्रियांच्या आयुष्यांचा अभ्यास करी. अशी संस्था जगात असते हे दुबईच्या अल कुसैसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. कमलिनी सगळ्यांना "लायब्ररीत असते" असं सांगे, कारण त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नसे.

संस्थेत तिच्यासारख्या सहा विद्यार्थिनी होत्या. कानाला हेडफोन लावून जगभरच्या म्हाताऱ्यांच्या गप्पा टाइप करायच्या, हे त्यांचं काम. मराठी एकट्या पर्णिकाला येई, म्हणून कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे तिथल्या ज्यू, बायकांच्या टेपांचं अख्खं खोकं तिच्या वाट्याला आलं होतं. सुट्टीत घरी जातेस तर त्यांच्या जुन्या शेजारणी शोध, असं वर सांगण्यात आलं. कमलिनी म्हणाली, शोधायचं काय त्यात, खालच्या मैमुनाभाभी रेवदंड्याकडच्याच आहेत.

मैमुनाबी एका शब्दात तयार झाल्या. त्यांची सून फिरदोस चकित झाली. सासूबाई एसी दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा दारात चार प्रश्न विचारल्याशिवाय आत घेत नसत. मैमुनाबींनी पर्णिकाला एकच विचारलं होतं, "ही टेप जाते कुठं?"

"बोस्टनला."

"आणि तिथनं?"

"कॉपीज जातात. इस्रायलमध्ये पण एक अर्काइव्ह आहे, तिथे."

मैमुनाबींनी हातातली सुरी खाली ठेवली होती. दुबईहून तिकडे फोन लागत नव्हता की पत्र जात नव्हतं. आणि त्यांना सत्तेचाळीस वर्षं तिकडच्या एका बाईला एक गोष्ट सांगायची होती. आता ती गोष्ट घेऊन जाणारी मुलगी दोन पायांनी जिना उतरून स्वयंपाकघरात आली होती आणि विचारत होती:

"प्रश्न सात. घरातल्या निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग कितपत होता?"

"कुणाच्या घरात?"

"तुमच्या ज्यू शेजाऱ्यांच्या."

"आम्ही त्यांना शनवार तेली म्हणायचो. तेलाचा घाणा होता, शनवारी बंद. घाणा बापाचा, बैल बापाचा. बैल कधी सोडायचा ते सगुणाची आई ठरवायची. लिही."

पर्णिकाने लिहिलं. सगुणा झिराडकर ही त्या घरातली मुलगी, मैमुनाच्याच वयाची. दोघींच्या घरांमध्ये एक कूड होता आणि कुडाला एक भोक होतं. त्या भोकाची मालकी कुणाची यावर दोघींचं रोज भांडण होई.

"प्रश्न आठ. शब्बाथ, म्हणजे शनिवार, कसा पाळला जायचा?"

मैमुनाबींनी कोलंबी बाजूला केली, हात धुतले, पदराला पुसले आणि यंत्राच्या जरा जवळ सरकून बसल्या. निवेदिका बातम्या वाचायला बसते तशा.

"शनवारी त्यांना विस्तव लावायचा नसे. आणि दुसऱ्याला लाव म्हणूनही सांगायचं नसे. मग चहा कसा होणार? तर सगुणाची आई मागच्या दारी येऊन म्हणायची, 'आज चूल गार पडली, नाही?' बस, एवढंच. हवापाण्याचं बोलावं तसं. मग मी जायची, मागचं दार दोनदा टकटक वाजवायची आणि चूल पेटवून यायची. कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही."

"सो इंटरेस्टिंग. म्हणजे इनडायरेक्ट रिक्वेस्ट."

"रिक्वेस्ट कुठली? मागायचं नसतं गो. समोरच्याला समजायचं असतं."

"ओके, नऊ..."

"थांब, आठ संपला नाही." मैमुनाबी आता पर्णिकाकडे बघत नव्हत्या, यंत्राकडे बघत होत्या. "त्रेपन्न साली ते लोक इस्रायलला निघाले. रविवारी मुंबईला जायचे होते. शेवटच्या शनवारी सगुणाची आई दारी आली. म्हणाली, 'आज चूल गार पडली, नाही?' मी विहिरीच्या पायरीवर बसलेली. मी म्हटलं, 'हो का? आमची पण.' ती दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. मी आपली, आमची पण, आमची पण. मला समजलं होतं. न समजल्यासारखं केलं. घरात लहान भाऊ तापाने पडलेला होता त्यांच्या. रविवारी पहाटे गाडी गेली. मी दार लावून आत बसले."

टेपची चाकं फिरत होती. बाहेर शारजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक हॉर्न मारत होते.

"आता सगुणा कुठं असेल, कुणास ठाऊक," मैमुनाबी म्हणाल्या.

पर्णिकाने लिहिलं: सध्याचा पत्ता माहीत नाही.

मैमुनाबींनी एक सुस्कारा सोडला. मुलगी अमेरिकेत शिकत होती, तिला वेळ द्यायला हवा होता. "झिराडकर आडनाव. बापाचं नाव शालोम. धाकट्या भावाच्या डाव्या पायाला सहा बोटं," त्या म्हणाल्या. "असली माणसं हरवत नाहीत सहसा."

"सहा बोटं, वाव," म्हणत पर्णिकाने तेही लिहिलं आणि नववा प्रश्न विचारला. तो दागिन्यांबद्दल होता. बेचाळिसावा संपेपर्यंत कोलंबीची खिचडी झाली, ती खाऊन आणि आईसाठी डब्यात घेऊन पर्णिका वर गेली.

"काय काय विचारलं हो?" फिरदोसने संध्याकाळी विचारलं.

"सगळं विचारलं. हुशार आहे. फक्त ऐकू कमी येतं."

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. पर्णिका दारात उभी होती, हेडफोन गळ्यात तसाच.

"आँटी, मी टाइप करत होते. आठवा प्रश्न चार वेळा ऐकला. तुम्ही मला काहीतरी सांगत होता ना?"

"मी? मी कुठं काय सांगितलं?"

"एक्झॅक्टली. तुम्ही काहीच मागितलं नाही."

मैमुनाबी दारातून बाजूला झाल्या. "आत ये. घावण घालते. लोकांना चार वर्षं कॉलेजात लागतात, तुला तीन दिवस लागले."

पर्णिका बोस्टनला परत गेली आणि उन्हाळाही गेला. मैमुनाबींनी कमलिनीला एकदाही काही विचारलं नाही. फक्त जिन्यात भेटल्या की म्हणत, "पोरगी बरी आहे ना? तिकडं थंडी पडली असेल." कमलिनी हो म्हणे आणि हवामान सांगे.

नोव्हेंबरात कमलिनी जाड पाकीट घेऊन खाली आली. "भाभी, हे पर्णिकाने पाठवलंय. म्हणाली, सगुणाबाई तीन फोनमध्ये सापडल्या, तुमची टेप त्यांना ऐकवली. सहा बोटांचा भाऊ तिकडे फेमस आहे म्हणे, त्याचं बेकरीचं दुकान आहे."

मैमुनाबींनी पाकिटातली कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी केली, पुन्हा कमलिनीकडे दिली. "तूच लाव. माझे हात ओले आहेत." हात कोरडे होते. कमलिनीने ते पाहिलं आणि कॅसेट लावली.

आधी खरखर. मग एक म्हातारा आवाज, जिथे सोडला होता त्याच गावचा.

"मैमुने, तुमच्या चुलीचा धूर दिसत होता गो."

कमलिनी हसली. मैमुनाबी हसल्या नाहीत, पुढे वाकल्या.

"कुडाच्या भोकातनं मी बघत होते. आमची पण म्हणे. आई इतकी हसली. म्हणाली, पोरीला राग आलाय, म्हणजे ही विसरायची नाही. भावाचा ताप दुपारीच उतरला, आम्ही गार भाकरी खाल्ली, काही बिघडलं नाही. तू उगाच एवढी वर्षं डोक्यावर घेऊन बसलीस. आई गेली, तिला तू शेवटपर्यंत आठवत होतीस." मग बराच वेळ नुसती खरखर. कमलिनीला वाटलं, संपलं. "इथं आता शनवारी घड्याळच दिवे लावतं, शेगडी गरम ठेवतं. सगळं वेळेवर होतं. दार तेवढं कुणी वाजवत नाही."

कॅसेट खट् करून थांबली.

"परत लावू?" कमलिनीने विचारलं.

"नको. समजलं."

दुबईत तेव्हा शनिवारी आठवडा सुरू होई. त्या शनिवारी मुलगा कामावर गेला, फिरदोस क्लिनिकला गेली, नातवंडांना ऊद मेथाच्या शाळेची बस घेऊन गेली. घर शांत झालं. मैमुनाबी चहा टाकायला उठल्या. स्वयंपाकघराच्या उघड्या दाराशी त्या थांबल्या, चौकटीवर बोटांनी दोनदा टकटक केलं आणि आत जाऊन गॅस पेटवला.