तोंड माझं, सूप तुझं

ओकबुनबाईंनी पहिला घोट घेतला आणि चमचा परत वाडग्यात ठेवला.

"काय झालं ताई? फार गरम आहे का?" पिलसुनने विचारलं.

"गरम आहे. तेवढंच आहे."

अमेरिकेतल्या डलूथ गावच्या कोरियन बाजारात शनिवारच्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. एकीकडे मुळ्याच्या ढिगापाशी बायकांची झुंबड, दुसरीकडे फूड कोर्टचे आठ गाळे. त्यातल्या चौथ्या गाळ्याच्या माथ्यावर, चार हात रुंद फोटोत, खुद्द ओकबुनबाई हसत होत्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ओकबुनआजींची हाताने तोडलेली सुजेबी'.

हा गाळा त्यांनी एकोणीस वर्षं चालवला होता. सुजेबीसाठी सुक्या मांदेलीची डोकी आणि पोटं काढून तिचा रस्सा उकळायचा, रात्रभर मुरलेलं पीठ बोटांनी पातळ ताणून त्याचे तुकडे त्यात सोडायचे, वर बटाटा आणि कोवळा दुधी. एक तुकडा दुसऱ्यासारखा नसायचा. मग मनगटांनी दगा दिला. दोन्ही हातांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि दोन वर्षांपूर्वी गाळा दोसिक नावाच्या माणसाला विकला. तेव्हापासून त्या इकडे फिरकल्या नव्हत्या. विकलेल्या घराच्या खिडकीत डोकावू नये, असं त्यांचं म्हणणं. आज त्र्याहत्तरावा वाढदिवस म्हणून चर्चमधल्या पिलसुनने हाताला धरून आणलं होतं.

त्यांनी चमच्यावर एक तुकडा घेतला. चारही कडा सरळ. दुसरा घेतला, तोही तसाच चौकोनी. यंत्रावर कापलेला, गोठवलेल्या पिशवीतून थेट पाण्यात पडलेला. रस्सा अळणी म्हणावा तर मीठ भरपूर होतं, पण त्याखाली मासा कुठेच नव्हता. जिभेवर पावडरीचा गुळचट थर तेवढा बसला.

"जाऊ दे ताई," पिलसुन म्हणाली, "चल, पलीकडे भात खाऊ."

त्या उठल्याही असत्या. पण शेजारच्या टेबलावरून लाँड्रीवाले क्वाक वळले. पूर्वी दर गुरुवारी न चुकता येणारं गिऱ्हाईक.

"वहिनी, आज भेटलात म्हणून बोलतो. राग मानू नका," ते म्हणाले. "म्हातारपणी हात आखडता घेतलात हो तुम्ही. आमची ही जिवंत होती तेव्हा तुमच्याच सूपवर तिने आजारपण काढलं. आता मी येतो ते केवळ सवयीने."

"मी दोन वर्षांपूर्वीच गाळा विकलाय."

क्वाकनी वर फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मग तुम्ही तिथे काय करताय?"

ओकबुनबाई उठल्या. वाडगा उचलून त्या तडक गाळ्यापाशी गेल्या. दोसिक मोबाइलवर काहीतरी बघत होता.

"अरे आजी! या ना! आधी कळवलं असतंत तर केक आणला असता."

"केक राहू दे. हे काय आहे?"

"सुजेबी."

"हे हातानं तोडलंय? कुणाच्या हातानं? सुताराच्या?"

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. दोसिकने आवाज खाली आणला. "आजी, पूर्वीसारखं करायला बसलो तर माणसं किती लागतील? गिऱ्हाईक तर काही बोलत नाही."

"गिऱ्हाईक मला बोलतंय. माझा फोटो उतरव."

"तसं कसं? नाव, फोटो, सगळं करारात आहे. सही तुमचीच आहे. तुम्ही आता आराम करा. आणि कधीही या, तुम्हाला आयुष्यभर इथं जेवण फुकट."

"हे बक्षीस आहे की शिक्षा?" ओकबुनबाईंनी भरला वाडगा त्याच्यासमोर आदळला. सूप त्याच्या मोबाइलवर सांडलं. सांडू दे, असं त्यांना वाटलं.

सोमवारी अकरा वाजता त्या पुन्हा आल्या, एकट्याच, बसने. फोटोच्या बरोबर खालचं टेबल धरलं आणि कोटाला पिनांनी एक कागद लावला. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, 'वरची बाई मी आहे. सूप माझं नाही.'

येणारा-जाणारा आधी कागद वाची, मग वर बघे, मग पुन्हा खाली. काही हसून पुढे जात. काही ट्रे घेऊन पलीकडच्या गाळ्याकडे वळत. एका तरुण बाईने तरीही सूप घेतलं, दोन घास खाल्ले आणि येऊन म्हणाली, "आजी, खरंच तुमचं नसावं."

दोसिकने बाजाराच्या व्यवस्थापक योमबाईंना बोलावलं. योमबाई अवघडून उभ्या राहिल्या.

"आजी, काही विकत घेतल्याशिवाय इथं बसता येत नाही. नियम आहे."

ओकबुनबाई उठल्या, बाजारात जाऊन एक भाजलेलं रताळं घेऊन आल्या आणि बसल्या. "झालं? आता मी गिऱ्हाईक. हे छान आहे हो, रताळं कुणाला फसवत नाही."

योमबाईंनी हसू दाबलं आणि निघून गेल्या.

रात्री मुलीचा फोन आला. मिन्ग्योंग शिकागोला असते. करार तिनेच वाचून सही घेतली होती.

"आई, लोक तुझे व्हिडिओ टाकतायत! कागद लावून बसतेस? दोसिकने वकील गाठला तर?"

"गाठू दे. वकिलालाही ते सूप पाजू."

"आई, आपण विकलंय ते. संपलं ना?"

"गाळा विकला, भांडी विकली. पण माझ्या नावाने लोकांची भूक मारायचा परवाना मी कुणाला विकला नाही. माझ्या तोंडावर विश्वास ठेवून माणूस पैसे देतो आणि तोंड वाकडं करून उठतो. हे मी मरेपर्यंत बघत बसू?"

मिन्ग्योंगने वाद सोडून दिला. मग म्हणाली, "बसमध्ये थंडी असते. स्वेटर घालून जा."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. पाठ दुखू लागली. एका माणसाने "वेडी म्हातारी" असं ऐकू जाईल इतपत म्हटलं, तेव्हाही त्या हलल्या नाहीत. गुरुवारी क्वाक आले, समोर बसले आणि घरून आणलेला डबा मुकाट्याने खाल्ला. पिलसुन विणकाम घेऊन येऊ लागली.

शुक्रवारी दोसिक टेबलाशी आला. या वेळी त्याने आधी मान लववली.

"आजी, एक सुचवू? आठवड्यातून एक दिवस या. माझ्या माणसांना शिकवा. पगार देतो. फोटोही खरा ठरेल, सूपही सुधारेल."

पिलसुनने सुई थांबवली. तिला हे चांगलंच वाटलं असावं. ओकबुनबाईंनी बाह्या मागे सारल्या. दोन्ही मनगटांवर पांढरे व्रण होते.

"किल्ल्या दिल्या तेव्हा सात दिवस शिकवायचं ठरलं होतं. पट्ट्या बांधलेल्या हातांनी मी रोज पाचला यायची. तू तिसऱ्या दिवसापासून आलाच नाहीस. आठवतं?"

दोसिक खाली बघू लागला.

"मला तुझा पगार नको, गाळा नको, सूप सुधारायचं पुण्यही नको. तुझं सूप तू कर. पावडरीचं कर, नाहीतर दगडाचं कर. पण त्याच्यावर तोंड तुझं लाव."

"माझं तोंड बघून कोण येणार?" तो चिडून म्हणाला.

"ते तू आणि तुझं तोंड बघून घ्या. तुझी आई आहे ना? तिला घाल एकदा हे खायला."

त्याने वळून गाळ्यासमोरची विरळ रांग पाहिली. मग तो आत गेला.

सोमवारी दोन माणसं शिडीवर चढून फोटो उतरवत होती. नव्या पाटीवर नुसतं 'सुजेबी' होतं. 'हाताने तोडलेली' हे शब्दही गेले होते. रांग मात्र होती. पूर्वीपेक्षा आखूड, पण होती. लोक तेच सूप घेत होते, तेच चौकोन खात होते. ते पाहून ओकबुनबाईंना जरा लागलं. मग वाटलं, लागू दे. आपलं भांडण त्यांच्या जिभेशी नव्हतंच.

"हा घेऊन जा," दोसिक फोटोकडे हात करून म्हणाला. आवाजात गोडवा नव्हता.

फोटो पिलसुनच्या गाडीत मावेना. शेवटी योमबाईंनी भाजीच्या खोक्यांची दोरी आणून दिली आणि तिघींनी तो टपावर बांधला, तोंड आभाळाकडे. गाडी वाहनतळातून बाहेर पडताना पिलसुन म्हणाली, "ताई, दिवाणखान्यात लावायचा का? भिंत मोठी आहे तुझी."

"छे! गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवणार आहे."

"एवढं भांडलीस आणि?"

"बघितलास का तो नीट? केस कसे आलेत! नवऱ्याने घाईत काढलेला. मला तो कधीच आवडला नाही," ओकबुनबाई म्हणाल्या. "पण माझा आहे. जरा हळू चालव, दोरी सैल वाटतेय."