तीन पॉइंट आठ

रक्तपेढीतल्या संगणकावर गेली दोन वर्षं एक कागद चिकटवलेला होता: ‘ही काळी खिडकी बंद करू नका.’ त्या खिडकीत रुग्णालयाचे संगणक सांभाळणाऱ्या चिमीने पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम चालायचा. दर मिनिटाला फ्रीजचं तापमान वाचायचं, पडद्यावर दाखवायचं आणि सहा अंशांच्या वर, म्हणजे रक्ताला धोका होईल इतकं, गेलं की बोंब मारायची, एवढंच त्याचं काम. पण कुणीतरी दर आठवड्याला ती खिडकी बंद करायचंच, आणि चिमीला दोन मजले उतरून धावत यावं लागायचं.

आज सकाळी नऊला तिने त्या खिडकीचा निकालच लावला. प्रोग्रामची सर्व्हिस करून टाकली. म्हणजे तो आता पडद्याआड चालणार, कुणी लॉगिन करो न करो, संगणकाबरोबर आपोआप उठणार, पडला तर पुन्हा उभा राहणार. तिने संगणक बंद करून चालू केला. हिरवा दिवा लागला, तापमान तीन पॉइंट आठ. तिने कागद टराटरा फाडला आणि त्याच जोशात काकांची वहीही कपाटात घालून कुलूप लावलं.

काका म्हणजे पेढीतले सर्वांत जुने तंत्रज्ञ. दर तासाला फ्रीजमधल्या काचेच्या तापमापीत डोकावायचं आणि आकडा वहीत उतरवायचा, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम.

“मॅडम, वही राहू द्या की. ती काय खायला मागते?”

“काका, दोन ठिकाणी नोंदी म्हणजे दुप्पट चुका. आता हा बघेल सगळं.”

काकांचं तोंड एवढंसं झालं. चिमीला ते दिसलं, पण सकाळी सकाळी जग सुधारायला निघालेल्या माणसाला असलं काही दिसून उपयोग नसतो.

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात दुर्मीळ रक्तगटाच्या दोन पिशव्या होत्या. तीन वाजता चिमीच्या वहिनीचं तातडीचं ऑपरेशन होतं. त्या पिशव्या तिच्यासाठी होत्या.

सव्वादोनला काकांचा फोन आला. “जरा खाली या. आकडा हलत नाहीये.”

“न हलणं चांगलंच की!”

“अकराला अर्धा तास वीज नव्हती, मॅडम. जनरेटरही हटून बसला होता. संगणक बॅटरीवर चालू राहिला, फ्रीज नाही. तेव्हाही तीन पॉइंट आठ?”

चिमी दोन मजले धावत उतरली.

चूक दोन मिनिटांत सापडली. हाताने चालवताना प्रोग्राम तिच्या नावाने चालायचा, तिच्या परवानगीने. सर्व्हिस वेगळ्या खात्यावर चालत होती आणि त्या खात्याला तापमानाच्या वायरला हात लावायची मुभाच नव्हती. पण मग दिवा हिरवा कसा? गेल्या वर्षी वायर सैल झाली होती, तेव्हा चिमीनेच एक ओळ घातली होती: वाचन मिळालं नाही तर साठवून ठेवलेलं शेवटचं चांगलं वाचन दाखव. सकाळचा आकडा पाच तास पोपटासारखा म्हटला जात होता.

काकांनी फ्रीज उघडून तापमापी पाहिली. “आत्ता पाच आहे. ठीक आहे.”

“आणि मधे?”

काकांनी फ्रीजचं दार लावलं. सहाच्या वर किती गेलं, किती वेळ गेलं, हे सांगणारं कुणीच नव्हतं. वही कुलपात होती आणि किल्ली चिमीच्या खिशात.

पिशव्या बहुधा चांगल्याच होत्या. मधली नोंद नाही हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि दोनपंचवीस झाले होते. काकांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं तिला फार वाटलं.

तिने सर्जनना फोन लावला. “सर, दोन्ही पिशव्या बाद धरा.”

दुसऱ्या शहरातून रक्त यायला तीन तास. तोवर पेशंटला सांभाळून बघू, एवढंच ते म्हणाले.

दादा वरच्या व्हरांड्यात बसला होता. तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

“फ्रीज बिघडला होता का?” त्याने विचारलं.

“माहीत नाही.”

“रक्त खराब झालंय?”

“तेही माहीत नाही. दादा, मी बघत नव्हते, आणि बघतेय म्हणून सगळ्यांना सांगत होते.”

दादाने तोंड फिरवलं. वहिनी तीन तास कण्हत होती आणि ते दाराबाहेर ऐकू येत होतं. चिमी तिथून हलली नाही. साडेपाचला गाडी आली. आठला सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, निभावलं. तिच्याकडे न बघताच दादाने हात पुढे केला, आणि तिने तो घट्ट धरला.

ती खाली आली तेव्हा काका घरी गेले नव्हते. दुपारीच तिने किल्ली त्यांच्या हातात ठेवली होती. वही उघडी होती. तीनपासूनचे आकडे त्यांच्या अक्षरात होते. दहा ते दोनच्या पाच ओळी मात्र कोऱ्या होत्या. तिथे पाच आकडे भरायला काकांना मिनिटही लागलं नसतं.

चिमीने पेन घेतलं, पाचही ओळींत ‘माहीत नाही’ लिहिलं आणि प्रत्येक ओळीपुढे सही केली.

“आठचा राहिलाय,” काका म्हणाले.

तिने फ्रीजचं दार उघडलं आणि तापमापीत वाकून बघितलं.