तात्याबांचे अक्षर

सन १९४६. वैशाखातल्या त्या गुरुवारी कऱ्हाडच्या संगमावर तीळ ठेवायला जागा नव्हती. चार वर्षांमागे निवर्तलेले तात्याबा नावाडी आज तिसऱ्यांदा पत्र लिहिणार होते.

वडाखाली चौरंग, त्यावर कोरा पिवळट कागद, आणि मागे केरबा देवरुषी. समोर, मांडीवर हस्तलिखिताचे बासन घेऊन, निवृत्त शाळामास्तर नाथाजी बसले होते. तात्याबांच्या नावेत बसून त्यांची वचने ऐकावीत आणि घरी येऊन टिपावीत, असा त्यांचा वीस वर्षांचा नेम. पत्नी गेली, मागोमाग तात्याबाही गेले. तेव्हापासून त्या रिकाम्या घरात तात्याबांचे चरित्र लिहिणे एवढीच काय ती सोबत उरली होती. लिहिता लिहिता पाठीमागे वल्हे कुरकुरे, ओळखीचा खोकला येई. मास्तर वळून पाहत, तर कोणी नसे. हे त्यांनी एकदा केरबाला सांगितले, आणि पुढच्याच गुरुवारी कागदावर अक्षरे उमटली : ‘नाथाजी, मी आलो आहे.’

“पर तात्याबा तर अंगठा उठवायचा,” गर्दीतून हरणाबाई म्हणाली.

“जित्तेपनी,” केरबा शांतपणे उत्तरला. “देह सुटला की आत्म्याला समद्या लिप्या येत्यात. मोडी, बाळबोध, विंग्रजी बी.”

“मंग आमच्या गुंडाला साळंत कशाला धाडू? मेल्यावर शिकंल की.”

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. ही शंका त्यांनाही आली होती. पण ते तिला दारातूनच परत पाठवीत. ती आत आली असती, तर सोबत बाहेर गेली असती.

केरबाने दर्भाने तीर्थ शिंपडले. अक्षरे काळीभोर उगवली : ‘पोथी संगमात सोड. माझी समाधी बांध. केरबा पूजा करील.’

मास्तरांनी मांडीवरच्या बासनाकडे पाहिले. त्याच पोथीत तात्याबांचे अखेरचे वचन होते, ‘मला दगडाखाली कोंडू नका, मी पाण्याचा माणूस.’ पोथीची दुसरी प्रत नव्हती. तरीही “जशी आज्ञा,” असे पुटपुटत ते उठले आणि बासन छातीशी धरून गुडघाभर पाण्यात उतरले.

इकडे केरबा उरलेले तीर्थ वाटू लागला. कापड धुवायला आलेल्या मदिनाबी रंगारिणीनेही हात पुढे केला. तिची गाठोडी तात्याबांनी जन्मभर पैलतीरी नेली होती. थेंब पडले आणि तिचा तळवा शाईसारखा काळा झाला.

गर्दी मागे सरली.

“हात पापी हाय,” केरबा म्हणाला. “तात्याबा कोपलं.”

मदिनाबीने तळवा हुंगला. “पाप न्हवं रं, हिरडा हाय. सकाळपासनं हिरड्याच्या पान्यात कापड बुडवतीया. त्येच्यावर हिराकस, म्हंजी लोखंडाचा खार, पडलं की काळं. आमचा धंदाच ह्यो.” मग तिने नदीकडे हाक दिली, “आवं मास्तर, तुमी शाई कशाची करता?”

मास्तर जागीच थबकले. चाळीस वर्षे त्यांनी स्वहस्ते शाई उकळली होती.

“हिरड्याची,” ते सावकाश म्हणाले, “आणि हिराकसाची.”

ते परतले. मदिनाबीच्या गाठोड्यातले हिरड्यात बुडवलेले पिवळे कापड त्यांनी चौरंगावर पसरले आणि उरलेले तीर्थ त्यावर ओतले. कापड काळे पडले. “हा कागद आधीच हिरड्याच्या पाण्याने लिहिलेला होता,” मास्तर म्हणाले. “पिवळ्यावर पिवळे, म्हणून दिसत नव्हते. तीर्थात हिराकस होते. दोन्ही भेटली आणि शाई झाली.”

केरबा झोळी आवरू लागला होता.

“कुठं निघाला गड्या,” हरणाबाई म्हणाली, “आत्म्याला हितंच टाकून?”

मास्तर लोकांकडे वळले. “शाई करणारा मी, आणि शाईलाच फसलो. कारण मला फसायचे होते. एकटे मन पुरावा मागत नाही. तेव्हा बाबांनो, हात पुढे करण्याआधी विचारीत जा, या पाण्यात काय कालवले आहे?”

दुपारी ते घरी लिहायला बसले. पाठीमागे वल्हे कुरकुरले. या वेळी मास्तर उठून आवाजामागे गेले. शेजारच्या परसात विहिरीचा रहाट फिरत होता. परत येताना खोकला आला. रिकाम्या भिंतींनी तो माघारी दिला. खोकला त्यांचाच होता.

मग बसून त्यांनी दौतीत बोरू बुडवला आणि तात्याबांचे अखेरचे वचन पोथीच्या नव्या, दुसऱ्या प्रतीत उतरवायला घेतले.