रविवारी जीप काढतोय

मी जीप बोलतेय. दचकू नका. एरवी माझ्या वतीने माझे मालकच बोलतात, आणि ते एकदा सुरू झाले की समोरच्याच्या चहावर साय धरते. आत्ता ते दवाखान्यात कुणाची तरी दाढ काढताहेत, तेवढ्यात मी माझं सांगून घेते.

माझा जन्म कारखान्यातला. अंगाने धट्टीकट्टी, रूपाने यथातथा. काच सरळसोट, दारं पत्र्याची, बसायला फळीपेक्षा जरा मऊ अशी बाकं. ही सुंदर दिसेल का, असा विचार मला घडवणाऱ्यांनी क्षणभरही केला नव्हता, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जायचं, एवढ्या एकाच कामासाठी मला बनवलं होतं.

पहिली नोकरी जमीन मोजणाऱ्या खात्यात लागली. खडक, ओढे, घसरडे चढ, रोजचंच. ड्रायव्हर मला तोंड भरून शिव्या द्यायचा आणि चढ संपला की बॉनेटवर थाप मारायचा. आंघोळ म्हणजे ओढा ओलांडताना होईल तेवढी. फार सुखात होते मी. मग खात्यात नव्या गाड्या आल्या आणि मला एका कोंबडीवाल्याने नेलं. बरीच वर्षं त्याने माझ्यातून खाद्याची पोती वाहिली. इंजिन कुरकुरायला लागल्यावर त्याने मला शेडमागे उभं केलं आणि तो मला विसरून गेला. कोंबड्या मात्र विसरल्या नाहीत. ड्रायव्हरच्या सीटवर त्या अंडी घालायच्या. हसा खुशाल, पण तेव्हाही माझा कुणाला तरी उपयोग होता.

तिथे मला डॉक्टरांनी पाहिलं. डॉक्टर दातांचे. माझ्या पुढच्या जाळीकडे त्यांनी असं निरखून पाहिलं की आता ‘आ करा’ म्हणतात की काय, असं मला वाटलं. सोबत त्यांची बायको होती. बाई शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे नवऱ्याच्या बोलण्याचं उत्तर त्यांना आधी दिसतं.

“हिच्यात कोंबड्या आहेत,” बाई म्हणाल्या.

“ताईसाठी घेतोय गं,” डॉक्टर म्हणाले.

ताई म्हणजे डॉक्टरांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच डॉक्टरांना अंगाखांद्यावर वाढवलं. आता ती डोंगरावर आपल्या लिंबांच्या बागेत एकटी राहते. बस खाली फाट्यापर्यंत जाते. तिथून वर नुसते दगड, चिखल आणि मधे एक ओढा. साध्या गाडीची तिथे जायची टाप नाही. त्यात ताईचे गुडघे पार गेलेले. जीप असली की ताईला हवं तेव्हा खाली आणता येईल, ती चार दिवस आपल्याकडे राहील, असं डॉक्टरांनी गहिवरून सांगितलं. बाई विरघळल्या.

“ताईंसाठी असेल तर घे,” त्या म्हणाल्या.

मला पुन्हा डोंगर मिळणार होता. गंजलेल्या अंगातही मला हुशारी आली. कोंबड्यांचा निरोप घेऊन मी निघाले, म्हणजे दोरीने ओढली गेले.

मग माझी दुरुस्ती सुरू झाली. ती करणाऱ्या मिस्त्रीला एकच वाक्य येत होतं, “होऊन जाईल.” आणि डॉक्टरांना एकच शब्द येत होता, “ओरिजिनल.” दोघांचं मेतकूट असं जमलं की काम संपायचं कुणी नावच काढेना. इंजिन तसं लवकर सुरू झालं. त्या दिवशी आम्ही ताईकडे जाऊ शकलो असतो. पण डॉक्टर म्हणाले, अशा अवतारात कसं न्यायचं तिला? रंग होऊ दे.

रंग झाला. तो ओरिजिनल नव्हता, म्हणून खरवडून पुन्हा झाला. मग स्क्रू ओरिजिनल हवे होते. एका दिव्याच्या काचेसाठी तर डॉक्टरांनी लांबलांबच्या भंगाराच्या दुकानांचे उंबरे झिजवले. दात कोरायच्या बारीक हत्यारांनी ते माझ्या सांध्यांतला गंज काढायचे आणि आरशाच्या काडीने माझ्या पोटाखाली बघायचे. एकदा तर सवयीने “थोडं दुखेल हं” असंही म्हणाले. माणूस वाईट नाही हो. हात फार हलका आहे.

पुढे दागिने आले. चिखलात रुतल्यावर स्वतःला ओढून काढायची तार आणि तिची चरखी. खोल पाण्यात इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून खांबाएवढी उंच नळी. मागे फावडं, त्याच्या दांड्यावर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच. आणि खाली दुधाच्या सायीच्या रंगाचे जाड गालिचे, ज्यांच्यावर चप्पल घालून पाय ठेवायला सक्त मनाई. एवढा सगळा शृंगार करून मी इमारतीच्या तळघरात, खोळ पांघरून उभी राहिले. नळी होती, पण पाणी काही दिसेना.

रोज सकाळी डॉक्टर इंजिन सुरू करायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि बंद करायचे. वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाई खिडकी आपटायच्या. न चालवताच ऑइल बदललं जायचं. पुढच्या चाकांना जोर देणारा जो छोटा दांडा असतो, ज्याच्यासाठी खरं तर माझा जन्म, त्याला नियमाने वंगण घालायचे. ओढायचे मात्र कधीच नाहीत.

डॉक्टरांसारख्या जीपवाल्यांचं एक मंडळही होतं. हे लोक गुळगुळीत डांबरी मैदानावर जमून चिखलाबद्दल बोलायचे. सगळ्यांच्या टायरांना काळं पॉलिश. तिथे डॉक्टरांना ‘कॅप्टन’ म्हणत, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा मंडळाला प्रत्येकाचा मोहिमेवरचा फोटो हवा होता. डॉक्टरांनी बाल्कनीतली कुंडी खाली आणली, माती कालवली, जुन्या दात घासायच्या ब्रशने माझ्या दारांवर बेताने शिंतोडे उडवले आणि फोटो काढून लगेच मला आंघोळ घातली.

“माझा मोगरा कुठे गेला?” संध्याकाळी बाईंनी विचारलं.

“मोहिमेवर,” डॉक्टर म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

अधूनमधून ताईचा फोन यायचा. डॉक्टर बहुतेक माझ्याजवळच असायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ताई कधी तगादा लावायची नाही. लिंबांना बहर आलाय म्हणायची, गुडघ्यांचं विचारलं तर विषय बदलायची आणि शेवटी हळूच विचारायची, “काढलीस का रे गाडी?”

“काढतो गं ताई. जरा पाऊस थांबू दे.”

पाऊस थांबला की ऊन जरा कमी होऊ दे. ऊन कमी झालं की एक ओरिजिनल रबर यायचं असे.

आणि मग एका आठवड्यात डॉक्टर सगळ्यांना तेच वाक्य सांगत सुटले. “रविवारी जीप काढतोय.” मला सांगितलं, बाईंना सांगितलं, फोनवर ताईलाही सांगितलं. एवढं सरळ वाक्य, पण त्यात तो ‘काढतोय’ बसला होता. आपल्या भाषेत माणूस गाडी बाहेर काढतो, तेव्हाही गाडी काढतो, आणि विकून मोकळा होतो, तेव्हाही गाडीच काढतो.

ताईला वाटलं, भाऊ न्यायला येतोय. मलाही तसंच वाटलं, आणि मी तळघरात सगळा आठवडा हरखून होते. बाईंच्या घरात मात्र जुनं कपाट काढलं होतं, शिलाई मशीन काढलं होतं, म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला अखेर शहाणपण सुचलं, हे ऐकून त्यांना भरून आलं. त्या दोन दिवस त्याच्याशी फार गोड वागल्या आणि त्यांनी परस्पर गिऱ्हाईकही शोधलं. आणि डॉक्टर? डॉक्टर मला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला काढणार होते.

रविवारी सकाळी मी तळघरातून वर आले, अंग लखलखीत, काचेवर प्रदर्शनाचा क्रमांक. इतक्यात एक हॉटेलवाले गृहस्थ माझ्याभोवती फेऱ्या मारायला लागले.

“उत्तम आहे. इंजिन काढून टाकू. बॉनेटमध्ये झाडं लावू, दारात उभी करू. लोक फोटो काढतील.”

“तुम्ही कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“तूच म्हणालास ना जीप काढतोय?” बाई म्हणाल्या.

“प्रदर्शनाला काढतोय!”

मग फाटकातच जुंपली. ती सगळी सांगत नाही, घरातली गोष्ट आहे. बाईंचं म्हणणं एवढंच होतं की ही इथे नुसती उभी राहते आणि हॉटेलच्या दारातही नुसतीच उभी राहील, तर फरक काय? तिथे निदान फुलं तरी येतील. डॉक्टर म्हणाले, हिच्यात माझा जीव आहे. इंजिन सुरूच होतं. माझ्या मनात काय चाललं होतं ते कुणी विचारलं नाही. खरं सांगते, फरक मलाही दिसत नव्हता.

दुपार झाली. हॉटेलवाले कंटाळून निघून गेले. आणि कोपऱ्यावरून हातात पिशवी घेतलेली एक बाई भिंतीला धरत धरत आली. ताई होती.

“ताई? तू कशी आलीस?” डॉक्टर पुढे धावले.

“बसने. सकाळीच उतरून फाट्यावर बसले होते रे. म्हटलं, तुला चढ नको. तू येईनास, तेव्हा वाटलं जुनी गाडी, बिघडली असेल वाटेत, एकटा अडकला असशील. खिडकीतून सगळा रस्ता बघत आले.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर हात ठेवला, तेव्हा तिला माझी थरथर कळली. “चालू आहे की गाडी.”

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच आनंद झाला होता. डॉक्टरांनी हात लांब करून इंजिन बंद केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईला राहायचं नव्हतं. बागेला पाणी द्यायला मागे कुणी नव्हतं, भाऊ धड आहे एवढं बघायला ती आली होती. जेवण होताच ती बसची वेळ विचारू लागली. डॉक्टरांनी मान खाली घालून माझी किल्ली उचलली. “मी सोडतो.” बाई मागे जाऊन बसल्या.

फाट्यावरून वळलो आणि मला माझी जमीन भेटली. वर पाऊस होऊन गेला होता. डॉक्टर घाबरत, एकेका दगडाची माफी मागितल्यासारखे चालवत होते. ओढ्याच्या अलीकडे एका करवंदीने माझ्या डाव्या दारावर लांब ओरखडा काढला. डॉक्टरांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं.

“लागलं का रे तुला?” ताईने विचारलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले.

ओढा ओलांडला आणि पलीकडच्या चिखलात मी बसले. पॉलिश केलेले टायर, ते कशाला धरतात? नुसते गरगरत राहिले.

“तो छोटा दांडा कशासाठी आहे?” मागून बाईंनी विचारलं.

त्या दांड्यावर डॉक्टरांनी मंडळात भाषणं दिली होती. आता त्यांनी तो पहिल्यांदा ओढला. पुढच्या चाकांत जोर आला, पण चाकांखाली धरायला काहीतरी हवं होतं, आणि तार बांधायला जवळ एक झाड नव्हतं. डॉक्टर काही सापडतंय का बघायला आत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

ताईचे पाय गालिच्यावर नव्हते. चपला तिने पिशवीत घालून मांडीवर घेतल्या होत्या आणि ती गुडघे आवळून पाय वर धरून बसली होती. घरापासून. त्या गुडघ्यांनी.

“अगं, हे काय?”

“पांढरं आहे ना रे. बसची धूळ होती पायाला. तुझी एवढी मेहनत.”

डॉक्टरांनी खाली बसून दोन्ही गालिचे उपसून काढले, चिखलात उतरले आणि माझ्या पुढच्या चाकांखाली कोंबले.

“अरे, नवे आहेत ना ते?” ताई म्हणाली.

“पाय टेकव तू आधी,” डॉक्टर म्हणाले. “चपला घालून टेकव.”

गालिचे फाटले आणि मी वर चढले. किती वर्षांनी, ते मला विचारू नका.

आता मी देवता झालेय किंवा डॉक्टर संत झालेत, असं समजू नका. दारावरचा ओरखडा ते मंडळात सगळ्यांना दाखवतात, आणि तो मिटू नये म्हणून त्यांनी त्यावर वार्निश मारून घेतलंय. ओरिजिनल आहे म्हणे. पण ताईला आणायला आम्ही जातो. ती चार दिवस राहते, बाईंबरोबर बाल्कनीत बसते, मग आम्ही तिला सोडायला जातो. माझ्या तळाला आता नुसता पत्रा आहे आणि त्यावर तिच्या चपलांचा वाळलेला चिखल.

डॉक्टर येतीलच एवढ्यात. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरी खोळ घालून काही जपून ठेवलं असेल, तर ते कुणासाठी आणलं होतं, तेवढं एकदा आठवा. आणि माझ्या शेजारून गेलात तर बाहेरून हवी तेवढी पुसा मला, आतला चिखल मात्र राहू द्या.