नाकातली काडी

“मावशी, पोराच्या नाकात काडी हाय की!” न्हावी कात्री थांबवून म्हणाला.

बाकावर बसलेली नागम्मा दचकली. लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतलं ते दुकान. खुर्चीत तिचा सतरा वर्षांचा अमरेश, आणि त्याचे मानेपर्यंत आलेले केस निम्मे जमिनीवर. ते कापून घ्यायलाच नवऱ्याने, चन्नबसप्पाने, शिरूर अनंतपाळहून तिला धाडलं होतं. “केस कापल्याबिगर घरी येऊ नको,” असा हुकूमच.

कारण काय, तर गेल्या रविवारी पोरगा घरी येऊन शांतपणे म्हणाला होता, “मी मुलगा न्हाई. मला पोरगी म्हणून जगायचंय.” चन्नबसप्पाने ताट भिरकावलं. “ह्या वयात काय कळतंय रे तुला?” आता बघा, याच पोराला दहावी होताच लातुरात एकट्याला खोली करून दिली, डॉक्टर व्हायचं ठरवून टाकलं, तेव्हा बरं सगळं कळत होतं! नागम्माला तर चौदाव्या वर्षी बोहल्यावर उभं केलं. तुला काय कळतं, असं तिलाही कोणी विचारलं नव्हतं. पण हे नवऱ्याला तोंडावर सांगायची छाती कुठून आणायची?

शिवाय तिला वाटत होतं, पाप आपलंच. गणपतीला माहेरी नेलेली आधीची दोन्ही पोरं भूकंपात भिंतीखाली गेली. मग हा झाला. याला तरी नजर लागू नये म्हणून तिनेच नवस बोलून नाक टोचलं, परकर-पोलकं घातलं, अंबू म्हणून हाक मारली. शाळेत घालायच्या वेळी माहूरला रेणुकामातेपुढे नवस फेडला, परकर सोडला, नाकातली चमकी काढली. पोर ऊर फुटेस्तोवर रडलं. “आई, मी अंबूच हाय की!” सगळे हसले. लहान आहे, विसरेल म्हणाले. नाकाचं भोकही आपोआप बुजेल म्हणाले.

ते बुजलंच नव्हतं.

“कवापासून घालायलास ही?” तिने विचारलं.

“माहूरहून आल्यापासून. झाडूची काडी. झोपताना घालतो, सकाळी काढतो. आज राहिली.”

नागम्मा बाकावरून उठून खुर्चीजवळ गेली. एवढंसं पोर, कोणी न शिकवता, इतकी वर्षं!

“मी तुला परकर घातला, म्हणून झालं का रे हे?”

“न्हाई गं आई. तू नवसासाठी घातलास. मला तो माझाच वाटला.”

“असली थेरं नको बाबा,” म्हणत न्हाव्याने काडी उपसली आणि खालच्या केसांत टाकली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. चन्नबसप्पा. “कापले का?”

‘थांबवते’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. आरशातून पोर तिच्याकडेच बघत होतं.

“हाव, कापायलेत,” ती म्हणाली. तिची तिलाच चीड आली, पण मेली जीभ दुसरं काही बोलायला वळलीच नाही. कात्री पुन्हा सुरू झाली.

सगळं झाल्यावर ती वाकून केसांत काडी चाचपू लागली. सापडेना. मग कोपऱ्यातल्या झाडूची एक काडी तिने मोडली, नळाखाली धुतली, पदराला पुसली. न्हावी बघतच राहिला.

“घे, अंबू.”

अंबूने ती घेतली. रडू लपवायला आता चेहऱ्यावर केस नव्हते.